झुबिन मेहतांचा 'तुरांदोत' (डेक्का, २ सीडी): घेतात पावारोत्तीसाठी, पण खरा माल ऑर्केस्ट्रात आहे

आधीच सांगतो, फक्त इटालियन टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) पावारोत्तीचं 'नेस्सुन दोर्मा' पाहिजे असेल तर पुचिनींच्या 'तुरांदोत' ऑपेराचा हा सेट घेऊ नका. ते तीन मिनिटांचं गाणं फुकटात कुठेही मिळतं. १९९० च्या फुटबॉल वर्ल्डकपला बीबीसीनं जे लावलं होतं ते याच रेकॉर्डिंगमधलं, आणि त्याच वर्षी रोमला तीन टेनरांची ती गाजलेली मैफल झाली तिथेही बॅटन (कंडक्टरची काठी) मेहतांच्याच हातात होतं, त्यामुळे लोकांच्या डोक्यात पावारोत्ती आणि शेजारी कुठेतरी मेहता असंच बसलंय. आख्खा ऑपेरा लावून बसलात की हा हिशोब उलटा होतो, निदान माझा तरी झालाय.

रेकॉर्डिंग १९७२ चं, लंडनच्या किंग्जवे हॉलमधलं, लंडन फिलहार्मोनिक वाजवतंय. मेहता तेव्हा ३६ वर्षांचे. आपल्या मुंबईचा पारशी मुलगा, वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, बॉम्बे सिम्फनी उभी करणारे, म्हणजे घरात तालमी चालूच. वयाच्या सोळाव्या वर्षी वडिलांच्या ऑर्केस्ट्राची तालीम घेतली, मेडिकल अर्धवट सोडलं आणि १९५४ ला थेट व्हिएन्ना. तिथे हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग, शिवाय डबल बास, आणि मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून बघायला मिळाव्यात म्हणून सहविद्यार्थी क्लाउदिओ आबाडोबरोबर चक्क कोरसमध्ये जाऊन गायले! १९५८ ला लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, १९६१ ला मॉन्ट्रियलचा ऑर्केस्ट्रा हातात आला, १९६२ ला लॉस एंजेलिसचा. लॉस एंजेलिसचा किस्सा तर भारीच आहे, तिथे खरं तर कंडक्टर जॉर्ज शोल्टी येणार होते, पण ऑर्केस्ट्राच्या मंडळानं त्यांना न विचारता मेहतांना असिस्टंट नेमलं म्हणून शोल्टी भडकून बाहेर पडले आणि अख्खा ऑर्केस्ट्रा या पंचविशीतल्या पोराकडे आला.

आता ऐकायचं. गोष्ट साधी, पेकिंगची राजकन्या तुरांदोत लग्नाला आलेल्यांना तीन कोडी घालते, उत्तर चुकलं की मुंडकं उडतं. पहिला अंक मी कुणालाही आधी ऐकवीन. जमाव रक्तासाठी ओरडतोय, जल्लादाचं हत्यार धार लावणाऱ्या दगडावर फिरतंय, ब्रास (पितळी वाद्यं) नुसता अंगावर येतो, आणि त्याच दमात चंद्राची वाट बघणारा कोरस सुरू होतो आणि सगळं इतकं खाली येतं की आवाज वाढवायला हात जातो. वाढवू नका, पुढे परत दणका आहे. हा उतार मेहता कुठेही घाई न करता घेतात, आणि एवढ्या गोंगाटातही मागची बासरी, घंटा, पोरांचा कोरस (तो चिनी लोकगीताच्या चालीवर आहे) सगळं सुटं सुटं ऐकू येतं. अंकाच्या शेवटी नायक राजपुत्र कालाफ कोडी सोडवायला तयार होऊन तीनदा घंटा बडवतो तिथपर्यंत ताण कसा चढवत नेलाय ते ऐकाच, चांगल्या तबलजीची तिहाई समेवर येते तसं बरोब्बर बसतं.

गायकांची निवड कागदावर जरा विचित्रच. जोन सदरलँडनं तुरांदोतची ही भूमिका स्टेजवर कधीच केली नाही, तिचा पिंड नाजूक ताना-हरकतींचा, आणि तिच्या बऱ्याचशा रेकॉर्डिंगला नवराच कंडक्टर असायचा, इथे नाही. तरी दुसऱ्या अंकात वरचे सूर असे काही लागतात की बास. उच्चार मात्र गुळगुळीत, इटालियन येणाऱ्यालाही शब्द शोधावे लागतील. पावारोत्तीनंही तोवर कालाफ स्टेजवर गायला नव्हता, पहिल्यांदा गायला १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोत, आणि गंमत म्हणजे तिथे तुरांदोत होती मोन्त्सेरात काबाये, जी इथे बिचारी दासी लिऊ आहे. तिचा तो हळू, लांबवलेला वरचा सूर आणि त्याखाली मेहतांनी जवळजवळ श्वासावर आणून ठेवलेली व्हायोलिनं, माझ्यासाठी सेटचे पैसे तिथेच वसूल.

'नेस्सुन दोर्मा'नंतर टाळ्यांसाठी थांबायची सोय नाही, संगीत तसंच पुढे जातं. कार्यक्रमातली आवृत्ती ऐकून आलेल्यांना पहिल्यांदा तुटल्यासारखं वाटेल. शेवट थोडा फुगवलेला वाटतो तो दोष मेहतांचा नाही, पुचिनी १९२४ मध्ये ऑपेरा अपुरा ठेवून गेले आणि उरलेला भाग आल्फानो या दुसऱ्या संगीतकारानं पुरा केला. मला तो कधीच पटलेला नाही, लिऊ मेली की माझा ऑपेरा संपतो, १९२६ ला पहिल्या प्रयोगात कंडक्टर तोस्कानिनींनीही तिथेच बॅटन खाली ठेवलं होतं.

१९९८ ला मेहतांनी हाच ऑपेरा बीजिंगच्या फॉरबिडन सिटीत केला, दिग्दर्शक झांग यिमोउ, त्याचा व्हिडिओही मिळतो. डोळ्यांना मेजवानी आहे, पण उघड्यावरचा आवाज तो उघड्यावरचाच, कानांसाठी १९७२च.

विकत घ्यायचं की स्ट्रीमिंगवर ऐकायचं? स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर शफल आणि क्रॉसफेड (दोन ट्रॅक एकमेकांत मिसळणारी सोय) दोन्ही बंद करा आणि फुकटवालं अकाऊंट असेल तर नादच सोडा, तुरांदोत कोडं घालतेय आणि मध्येच साबणाची जाहिरात. सीडी जुनी घेतलीत तर आत लिब्रेटोचं (ऑपेराच्या शब्दांचं) पुस्तक आहे ना ते विक्रेत्याला आधी विचारा, त्याच्याशिवाय दुसऱ्या अंकातल्या पिंग, पांग, पोंग या तीन मंत्र्यांची बडबड अगदीच डोक्यावरून जाते.