दिवस गेल्यावर पळायचं, चालायचं की पोहायचं?

रोज सकाळी पाच-सहा किलोमीटर पळणाऱ्या बाईला दिवस गेले की डॉक्टरांना विचारायच्या आधीच घरात निकाल लागतो: बूट कपाटात ठेव. आई, सासूबाई, शेजारच्या काकू, सगळ्यांचं यावर एकमत असतं. याच घरांत आठव्या महिन्यात ‘उकिडवं बसून फरशी पूस, बाळंतपण सोपं जातं’ असंही सांगितलं जातं. मायेपोटीच सांगतात सगळ्या. पण यामुळे तिच्यापुढे दोनच वाटा उरतात, पळणं किंवा पडून राहणं. खरी निवड या दोघांमधली नाहीच. पळणं, भराभर चालणं, पाण्यातला व्यायाम आणि आसनं-ताकदीचे व्यायाम यांतलं कुठलं, कितव्या महिन्यात आणि कुणासाठी, हे ठरवायचं असतं. गुंतागुंत नसताना नुसतं पडून राहण्याचा फायदा कुठल्याही अभ्यासात दिसलेला नाही. उलट स्नायू गळतात, वजन आणि साखर वाढायला वाव मिळतो, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

तुलनेआधी एक अट. काही बायकांनी यातलं काहीच डॉक्टरांशी सविस्तर बोलल्याशिवाय करू नये. अंगावरून रक्त जातंय आणि कारण कळत नाही, अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतरही वार (प्लासेंटा) खाली आहे, गर्भाशयाचं तोंड सैल आहे किंवा टाका घातलाय, वेळेआधी कळा येतात किंवा पाणी गेलंय, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा गंभीर आजार) आहे, रक्तदाब किंवा थायरॉइड आटोक्यात नाही, बाळाची वाढ मागे पडलीय, तिळं आहे, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार आहे. जुळी असतील तर अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर पुन्हा विचारायचं. आणि हिमोग्लोबिन बघायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. आपल्याकडे ‘पळू का?’ या प्रश्नाआधी ‘रक्त किती आहे?’ हा प्रश्न यायला हवा. ११ च्या खाली असेल तर आधी ते वर आणायचं, तोवर बेताचं चालणं पुरे.

घरच्यांची भीती आली कुठून, हेही समजून घेण्यासारखं आहे. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने गरोदरपणात नाडी १४० च्या वर जाऊ देऊ नये आणि दमवणारा व्यायाम सलग १५ मिनिटांपेक्षा जास्त करू नये, असं सांगितलं. १९९४ मध्ये त्यांनी स्वतःच हा १४० चा आकडा काढून टाकला, पण तो लोकांच्या तोंडी आजही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात गुंतागुंत नसलेल्या गरोदर स्त्रीने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा, असं म्हटलंय. मध्यम दम ओळखायचा कसा? व्यायाम चालू असताना सोबतच्या मैत्रिणीशी बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. मनगटावरच्या घड्याळापेक्षा ही खूण बरी, कारण या काळात बसल्या जागीच नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढलेली असते आणि घड्याळाला तुम्ही गरोदर आहात हे ठाऊक नसतं.

पळणं

हे आधीपासून नियमित पळणाऱ्या बाईसाठी आहे. जिने कधी पळून पाहिलं नाही, तिने दिवस गेल्यावर सुरुवात करायची घाई करू नये. तिला हवं ते सगळं चालण्यातून मिळतं.

आधीपासून पळणारीला मात्र घाबरायचं कारण बरंच कमी आहे. ब्रिटनमध्ये शनिवार सकाळच्या सार्वजनिक पाच किलोमीटर धावांमध्ये भाग घेणाऱ्या १,२९३ स्त्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी गरोदरपणात पळणं चालू ठेवलं होतं, काहींनी थांबवलं होतं. बाळ किती आठवड्यांनी जन्मलं आणि त्याचं वजन किती भरलं, यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पळत राहिलेल्यांमध्ये चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून प्रसूती करावी लागण्याचं प्रमाण मात्र थोडं जास्त होतं, हेही सांगायला हवं. शिवाय या बायका मुळातच तंदुरुस्त होत्या आणि स्वतःहून माहिती देत होत्या, त्यामुळे हा अभ्यास सगळ्यांना सरसकट लावता येत नाही. पण ‘पळाल्यामुळे बाळ लहान होतं, लवकर होतं’ ही भीती त्याने बरीच हलकी केली.

आता पळण्याची दुसरी बाजू. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीवर पडतो. चालताना तो वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. बेताचं वजन असलेल्या बाईचं नऊ महिन्यांत साधारण ११ ते १६ किलो वाढतं. ती वाढ गुडघे, कंबर आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पेलतात. पळताना लघवीचे थेंब जाणं, खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटणं, जांघेच्या मधल्या हाडात किंवा माकडहाडाच्या बाजूला दुखणं, यातलं एक जरी सुरू झालं तरी पळणं थांबवून चालण्यावर यावं, असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो चौथा महिना असो वा सातवा.

आपल्याकडच्या पळण्यात माझ्या मते दोन धोके सगळ्यांत मोठे आहेत आणि परदेशी सल्ल्यांत त्यांना क्वचितच पुरेशी जागा मिळते. पहिला, पडण्याचा. पोट पुढे आलं की तोल बदलतो आणि पायाखालचं दिसत नाही. त्यात आपले फुटपाथ: उखडलेले पेव्हर ब्लॉक, उघडी चेंबरं, मध्येच उभी केलेली दुचाकी, अंगावर येणारी कुत्री. म्हणून रस्ता सोडून मैदानाच्या कडेची सपाट मातीची वाट किंवा जॉगिंग ट्रॅक शोधायचा. नाशिकचं गोल्फ क्लब मैदान किंवा मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स यासाठी रस्त्यापेक्षा कितीतरी बरं. पुण्यात वेताळ टेकडीचा चढ छान वाटतो, पण पावसाळ्यात उतरताना निसरडं होतं. तिथे पाचव्या महिन्यानंतर पळू नये. आणि पोटावर पडलात, तर बाहेरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

दुसरा धोका उष्णतेचा. पहिल्या तीन महिन्यांत अंगाचं आतलं तापमान ३९ अंशांच्या वर जाऊन तिथेच राहिलं, तर बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला धोका संभवतो. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंग निवत नाही, त्यामुळे तापमापक ३० अंश दाखवत असला तरी शरीर जास्त तापतं. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पहाटही गरम असते. या दिवसांत पंख्याखाली ट्रेडमिल हा चांगला मार्ग आहे: खड्डा नाही, कुत्रा नाही आणि बाथरूम जवळ.

अमेरिकेची आठशे मीटरची धावपटू अलिसिया मोंटान्यो २०१४ मध्ये ३४ आठवड्यांची गरोदर असताना राष्ट्रीय स्पर्धेत पळाली. ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ हिने जानेवारी २००७ मध्ये मुलीला जन्म देऊन त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. गर्भार शरीर काचेचं नसतं, हे या दोघींकडून शिकावं. कधीपर्यंत पळायचं आणि किती लवकर परतायचं, हे मात्र शिकू नये. त्या व्यावसायिक खेळाडू होत्या, आयुष्यभराचा सराव अंगात मुरलेला होता. आपण जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला आधीच नाव नोंदवलं असेल, तर या वर्षी टाळ्या वाजवायला जावं.

भराभर चालणं

याला पळण्याचा गरीब भाऊ समजायची चूक पळणाऱ्या हमखास करतात. एका बाबतीत चालणं पळण्याला सरळ मागे टाकतं, ती बाब म्हणजे साखर. गरोदरपणातला मधुमेह आपल्याकडे फार आढळतो. म्हणूनच ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात आणि १४० किंवा त्याहून जास्त आलं तर उपचार सुरू होतात. जेवणानंतर रक्तातली साखर चढते त्याच वेळी दहा-पंधरा मिनिटं चाललं, तर स्नायू ती ओढून घेतात. भरल्या पोटी पळता येत नाही, चालता येतं. आपल्या शतपावलीची शंभर पावलं थोडी वाढवून दहा मिनिटं केली आणि तिन्ही जेवणांनंतर चाललं, तर दिवसाची तीस मिनिटं होतात; आठवड्यातले पाच दिवस धरले की १५० पूर्ण. वेगळे कपडे नकोत, फी नको. चप्पल मात्र घसरणारी नको.

चालण्यातलं उणंही आहे. तंदुरुस्त बाईला सपाटीवरच्या चालण्याने दम लागतच नाही आणि ‘फिरून आले’ एवढंच समाधान राहतं. तिने हलका चढ घ्यावा, हात हलते ठेवावेत. आणि फिरताना मैत्रिणींशी गप्पांबरोबर गाणंही सहज म्हणता येत असेल, तर वेग वाढवायचा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा सगळा सल्ला खुर्चीत बसून काम करणाऱ्या बाईसाठी आहे. जी दिवसभर शेतात वाकते, बीडहून कोयता घेऊन ऊसतोडीला जाते, मोळ्या डोक्यावर वाहते, तिला ‘रोज तीस मिनिटं चाला’ सांगणं अन्यायाचं आहे. तिला ओझ्यातून सुटका, सावली, पोटभर जेवण आणि विश्रांती हवी.

पाणी

सातव्या महिन्यानंतर मला निवड करायला सांगितली, तर मी पाणी निवडेन. छातीएवढ्या पाण्यात पोटाचा बराचसा भार हलका होतो, पाण्याच्या दाबाने पायांची सूज उतरते, अंग फार तापत नाही. कंबर किंवा ओटीपोट दुखतंय म्हणून ज्यांना चालणंही जड जातं, त्यांनाही यात हालचाल करता येते. मात्र ते दुखत असेल तर ब्रेस्टस्ट्रोकचे, म्हणजे बेडकासारखे, पाय मारू नयेत, त्याने आणखी ताण येतो. पोहता येत नसेल तर आठव्या महिन्यात शिकायला जायची गरज नाही. उथळ बाजूला कठडा धरून चालणंही चालतं.

अडचणी व्यावहारिक आहेत. तलाव प्रत्येक गावात नाही, महिलांच्या बॅचची वेळ ऑफिसशी जुळत नाही, शिडी आणि ओल्या फरशा जपून पार कराव्या लागतात. उडी मारायची नाही, स्कूबा डायव्हिंग अजिबात नाही, गरम पाण्याचा टब नाही. कोकण-गोव्याच्या समुद्रात लाटांशी खेळणं हा पोहण्याला पर्याय नव्हे. पाणी गेलं असेल किंवा रक्त जात असेल, तर तलावात उतरायचं नाही.

आसनं आणि ताकद

ही पळण्या-चालण्याच्या बदली धरू नयेत, जोडीला घ्यावीत, आठवड्यातून दोनदा. खुर्चीला धरून बैठका, भिंतीवर दंड, हलके डंबेल्स, मार्जारासन, बद्धकोनासन. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचे व्यायाम तर प्रत्येकीने करावेत. गरोदरपणात ते केल्याने नंतर लघवी गळण्याचा त्रास कमी होतो. श्वास कोंडून वजन उचलणं, कपालभाती, भस्त्रिका, तापवलेल्या खोलीतला योग हे टाळायचं. पाचव्या महिन्यानंतर फार वेळ उताणं झोपून काही करायचं नाही, कारण गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबते आणि चक्कर येते. रस्त्यावरची सायकल या दिवसांत ठेवून द्यावी, घरातली स्थिर सायकल चालेल.

मग कुणी काय निवडावं?

नियमित पळणारी, तब्येत उत्तम, डॉक्टरांची संमती असेल तर बोलता येईल अशा वेगात पळा, अंतर आपोआप कमी होऊ द्या आणि पोट जड वाटू लागलं की चालणं-पाणी यांवर या. तसं होणं म्हणजे हरणं नव्हे. बाळंतपणानंतरही पहिले बारा आठवडे पळायला लागू नये, असंच फिजिओथेरपिस्ट सांगतात, त्यामुळे ब्रेक तसाही येणारच आहे. कधी व्यायाम न केलेलीने दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात करावी. साखर वाढलेलीने जेवणानंतरचं चालणं सोडू नये, बाकी काहीही करो. कंबरदुखीवालीने तलाव शोधावा. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांनी जीव नकोसा झालेला असेल, तर काहीच झालं नाही तरी अपराधी वाटून घेऊ नये. चौथ्यात अंगात जोर येतो.

यांपैकी काहीही करत असताना रक्त किंवा पाणी जाणं, ठरावीक वेळाने येणाऱ्या कळा, चक्कर, छातीत दुखणं, काही न करताच धाप लागणं, जोरात डोकं दुखणं, एकाच पोटरीला सूज आणि वेदना किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणं यातलं काही दिसलं, तर तिथेच थांबा आणि पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा.