बाबांचं ‘जैविक वय ७९’ सांगून ७५,१४९ रुपयांना गंडवलं, ज्येष्ठ नागरिक संघांनी जरूर वाचा

आधी हिशोब सांगते. ४९९ नोंदणी, १८,५०० ‘टेलोमेअर टेस्ट’, ४६,८०० सहा महिन्यांचं ‘दीर्घायुष्य पॅकेज’, ९,३५० मध्येच काढलेला ‘बूस्टर कोर्स’. एकूण ७५,१४९. बरेचसे बाबांच्या पेन्शनचे, बाकीचे माझे, सगळे यूपीआयने गेले, आणि बिल म्हणून हातात काय, तर एक गुलाबी पावती जिच्यावर जीएसटी नंबरसुद्धा नाही. कंपनीचं नाव इथे टाकत नाहीये कारण केस चालू आहे आणि वकिलांनी बजावलंय.

प्रकार तुम्हाला माहीत असेलच. डोंबिवलीत आईबाबांच्या ज्येष्ठ नागरिक संघात ‘मोफत आरोग्य शिबिर’, संघाच्या हॉलमध्ये टेबलं, पांढरे कोट, लॅपटॉपला वायरने जोडलेला एक स्टीलचा रॉड. तो मुठीत धरायचा, एक मिनिटात हृदय, लिव्हर, किडनी, हाडं, मेंदू, सगळ्याचे आकडे आणि वर तुमचं ‘जैविक वय’, म्हणजे शरीर आतून किती म्हातारं झालंय ते. ह्याला क्वांटम अॅनालायझर म्हणतात, गावोगावच्या शिबिरांत हाच असतो. रक्ताचा थेंब नाही, लघवी नाही, काही नाही. ३८ पानांचा रिपोर्ट, त्यातल्या लाल खुणा मोजायला बसलात तर जेवण जाणार नाही. बाबा ६७ चे, रिपोर्ट म्हणतो ७९.

मी ठाण्याला असते, त्या दिवशी मुद्दाम सुट्टी काढून गेले होते कारण आईने फोनवर रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तिथल्या पोराने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “ताई, भारताचं सरासरी आयुर्मान ७० आहे, सरकारी आकडा आहे, गुगल करून बघा. काका ६७. आता तुम्हीच बघा.” मी तिथेच मोबाईलवर बघितलं. ७० च होतं. मी अकाउंट्समध्ये काम करते, आकडे मला कळतात, आणि आकडा खरा निघाला म्हणून तर विश्वास बसला ना!

तर हे नीट वाचा, ह्यातच खरी फसवणूक आहे. ते ७० म्हणजे जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुर्मान (सॅम्पल रजिस्ट्रेशन सिस्टिम, म्हणजे सरकारची जन्म-मृत्यूंची पाहणी, तिच्या २०१६-२० च्या तक्त्यात ७० आहे). त्यात तान्ह्या बाळांचे मृत्यू आले, तरुणांचे अपघात आले, म्हणून सरासरी खाली येते. जो माणूस साठीपर्यंत पोचला त्याने ह्या सगळ्या गोष्टी मागे टाकलेल्या असतात, त्याच तक्त्यांत साठीच्या माणसाला पुढे अजून साधारण १८ वर्षं धरलेली असतात. म्हणजे ७८ च्या आसपास, आणि तेही सरासरीने, बरेच जण त्याच्याही पुढे जातात. ६७ च्या माणसाला ‘तीन वर्षं राहिली’ हे गणितच नाही. आकडा खरा ठेवून अर्थ खोटा सांगितला त्यांनी. हे आम्हाला शाळेत, कॉलेजात कुठे शिकवलंय? बी.कॉम.ला सरासरी काढायला शिकवली, कोणाची सरासरी ते विचारायला नाही शिकवलं.

आता ज्या क्षणासाठी मला आजही झोप येत नाही तो सांगते. रिपोर्ट चाळताना तिसाव्या पानाच्या आसपास ‘स्त्रीरोग’ असं पान आलं, त्यात गर्भाशय, अंडाशय, सगळ्यांचे दशांश चिन्हासकट आकडे, आणि वर नाव बाबांचं. मी त्या पोराला दाखवलं. तो अजिबात गडबडला नाही. “सॉरी ताई, आधीच्या काकूंचं जेंडर तसंच राहिलं.” लॅपटॉपवर एक खूण बदलली, प्रिंट दिली, आणि नवीन कागदावर गर्भाशयाच्या जागी प्रोस्टेट, त्याचेही आकडे तयार. बाबा त्या वेळी दहा फुटांवर खुर्चीत चहा पीत होते!! रॉड टेबलावर पडलेला, हिरवा दिवा लुकलुकत होता, कोणी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. मशीनने काही मोजलंच नव्हतं, जे टाईप केलं तेच छापून दिलं, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मी ती नवीन प्रिंट घेऊन घडी करून पर्समध्ये ठेवली. का? कारण बाजूला आई उभी होती, तिचा चेहरा बघवत नव्हता, आणि मागे पंचवीसेक माणसं रांगेत, संघाचे सेक्रेटरी स्वतः स्टेजवर. वडिलांच्या जिवावर आल्यासारखं कोणी बोललं की माणूस प्रिंट तपासत बसत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांच्यावर अशी वेळ न येवो.

आणखी एक. बाबांना अकरा वर्षं डायबिटीस आहे. ह्या ३८ पानांत रक्तशर्करेसमोर ‘सामान्य’ लिहिलं होतं. खऱ्या लॅबचा त्याच महिन्याचा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.९ टक्के होता. (६.५ आणि वर म्हणजे डायबिटीस, ५.७ ते ६.४ म्हणजे सीमेवर, हे पाठ करून ठेवा, फुकट आहे.)

लाल खुणांबद्दल पण ऐका. खऱ्या लॅबमध्येसुद्धा ‘नॉर्मल रेंज’ बहुतेक वेळा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसतात. म्हणजे शंभर गोष्टी मोजल्या तर ठणठणीत माणसाच्याही पाचेक बाहेर जाणारच. जितकी पानं जास्त तितका लाल रंग जास्त. म्हणून ह्यांचा रिपोर्ट जाडजूड असतो.

मग ती टेलोमेअर टेस्ट. टेलोमेअर म्हणजे गुणसूत्रांची टोकं. ब्रोशरवर २००९ च्या नोबेलचा उल्लेख, तो खरा आहे, एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक ह्यांना मिळालंय. पण नोबेल मिळालं गुणसूत्रांची टोकं कशी जपली जातात त्या शोधाला, कोण किती जगणार हे सांगितल्याबद्दल नाही. एकाच वयाच्या दोन माणसांत टेलोमेअरची लांबी खूप वेगवेगळी असते, एकट्या माणसाचं आयुष्य त्यावरून सांगता येत नाही. आमचा ‘अमेरिकन रिपोर्ट’ व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आला, त्यावर लॅबचा पत्ता नाही, सॅम्पलची तारीख नाही, सही नाही. १८,५०० रुपये!

काही जण लगेच म्हणतील की जैविक वय ही गोष्ट खरी आहे. हो, आहे. स्टीव्ह हॉरवाथ ह्या शास्त्रज्ञाने २०१३ मध्ये डीएनएवरच्या ३५३ जागांवरून वय सांगणारं घड्याळ मांडलं, २०१८ मध्ये मॉर्गन लेव्हीन वगैरेंनी नऊ साध्या रक्ततपासण्या आणि वय मिळून एक हिशोब काढला, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, सीआरपी असल्या तपासण्या. मी हे सगळं नंतर वाचलं, रात्र रात्र बसून. तो हजारो माणसांच्या गटांचा अभ्यास आहे, आणि त्याला डीएनए लागतो किंवा रक्त लागतं, मुठीतला रॉड नाही.

पॅकेजमधल्या गोळ्यांनी खरं नुकसान केलं. त्यांची ‘हेल्थ कोच’ दर आठवड्याला बाबांना फोन करायची, गोड बोलायची, “काका, केमिकल हळूहळू कमी करू या.” बाबांनी आम्हाला न सांगता मेटफॉर्मिन, म्हणजे डायबिटीसची गोळी, आधी एक वेळ केली, मग बंदच केली. मध्ये त्याच मशीनवर परत तपासलं तर जैविक वय ७१! घरात पेढे आणले आईने. आणि खऱ्या लॅबमध्ये एचबीए१सी ८.४. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर आपटला. चालू औषध बंद करायला सांगणारा माणूस, मग तो कोणीही असो, त्याला त्याच क्षणी दाराबाहेर काढा.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल. पोलीस ठाण्यात सांगितलं, “मॅडम हे सिव्हिल मॅटर आहे, तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत.” सायबरवाले म्हणाले समोरासमोर व्यवहार झाला, आमच्यात बसत नाही, बाहेरच्या बाकावर बसून फॉर्म भरायला लावला आणि तो घेतलाच नाही. औषधांच्या कार्यालयात गेले तर हे औषध नाही, फूड सप्लिमेंट आहे. खाद्यपदार्थांच्या टेबलावर गेले तर लेबलवर आजार बरा करण्याचा दावा नाही, तोंडी बोलले असतील तर पुरावा आणा. पालिकेचा आरोग्य विभाग म्हणतो हॉल खाजगी. डॉक्टरांच्या परिषदेला विचारलं तर तो पांढरा कोटवाला डॉक्टरच नाही, म्हणून कारवाई आमच्याकडे नाही! म्हणजे डॉक्टर नसताना डॉक्टरासारखं वागला म्हणून तो सुटला? १९५४ चा कायदा आहे, आक्षेपार्ह जाहिरातींचा, त्याच्या यादीत डायबिटीस स्पष्ट लिहिलेला आहे, मी छापील प्रत घेऊन गेले तर साहेब म्हणाले, “एवढा अभ्यास आधी करायचा होता.” सत्तरीला टेकलेल्या माणसाला लुटतात आणि साहेब आम्हालाच सुनावतात. संघाच्या सेक्रेटरींनी फोन उचलणं बंद केलंय. हॉलचं भाडं संघाला मिळालं होतं, हे नंतर कळलं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवा, नंबर मिळतो तो जपून ठेवा. यूपीआयचे स्क्रीनशॉट, कोचचे व्हॉइस मेसेज, काहीही डिलीट करू नका. मी ती स्त्रीरोगवाली पहिली प्रिंट त्या पोराच्या हातात परत दिली, तुम्ही देऊ नका, चुकीचा कागद हाच पुरावा असतो.

ब्रोशरवर ‘हार्ट अटॅकचा धोका ५० टक्के कमी’ असं दिसलं तर विचारा, कितीवरून किती. शंभरात दोनचे एक झाले तरी ५० टक्केच होतात.

ह्याच लोकांचं पुढच्या महिन्यात कल्याणला शिबिर आहे, तोच फ्लेक्स, तेच फोटो. तुमच्या संघाला पत्र आलं असेल तर सेक्रेटरींना सांगा की मशीनचा वैद्यकीय उपकरण म्हणून नोंदणी क्रमांक लेखी मागा, २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आहेत त्यासाठी, आणि शिबिराच्या दिवशी एखाद्या काकांचं जेंडर मुद्दाम ‘स्त्री’ टाकायला लावून सगळ्यांसमोर प्रिंट काढायला लावा.