गोठ्याशी संबंध आणि न उतरणारा ताप : ब्रुसेलोसिससाठी कोणती तपासणी निवडावी?

संध्याकाळी चढणारा ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, धरलेली कंबर, आणि विडाल (टायफॉइडची तपासणी), मलेरिया दोन्ही निगेटिव्ह. त्यात घरी म्हशी असतील, एखादी नुकतीच गाभडली असेल किंवा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याची सवय असेल, तर कोल्हापुरात ब्रुसेलोसिसची, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या ब्रुसेला जंतूच्या आजाराची, शंका घ्यायलाच हवी. मग चिठ्ठीवर नेमकी कोणती तपासणी लिहायची?

सुरुवात ‘रोज बेंगॉल’ नावाच्या झटपट रक्ततपासणीने करावी. पांढऱ्या टाइलवर रुग्णाच्या सीरमचा (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या पाण्याचा) एक थेंब घेतात, शेजारी गुलाबी रंग दिलेल्या मृत ब्रुसेला जंतूंचा तेवढाच थेंब. दोन्ही काडीने मिसळून टाइल ४ मिनिटं हलवत राहायची. रक्तात अँटीबॉडीज (जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) असतील तर त्या गुळगुळीत गुलाबी थेंबात बारीक कणी पडू लागते, नसतील तर रंग एकसारखा राहतो. यंत्र लागत नाही, खर्च थोडा, आणि ताजा आजार या तपासणीतून सहसा निसटत नाही. पण रोज धार काढणारे, अडलेली म्हैस सोडवताना हात घालणारे आणि पशुवैद्यक यांच्या रक्तात जुन्या संपर्काच्या अँटीबॉडीज असू शकतात. त्यांच्या थेंबात आज आजार नसतानाही कणी पडते. येर्सिनिया एन्टेरोकोलिटिका ओ:९ या जंतूच्या संसर्गातही तसंच होतं. त्यामुळे नुसत्या एका पॉझिटिव्ह थेंबावर अशा माणसाला सहा आठवड्यांची औषधं सुरू करू नयेत.

तिथे ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशन कामाला येते. सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत नळ्यांची रांग लावतात, त्यांत मृत ब्रुसेला जंतू घालून ३७ अंशांवर २४ तास ठेवतात आणि शेवटची कोणती नळी पॉझिटिव्ह आली ते पाहतात. लक्षणं असताना १:१६० किंवा त्याहून वरचा टायटर (सीरम कितीपट पातळ केलं तरी नळी पॉझिटिव्ह येते तो आकडा) महत्त्वाचा मानला जातो. टायटर काठावरचा असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. चौपट वाढ दिसली तर ती एकाच आकड्यापेक्षा कितीतरी भक्कम. अँटीबॉडीज फार झाल्या तर पहिल्या काही नळ्या चक्क निगेटिव्ह दिसतात. म्हणून रांग १:३२० च्या पुढे नेली का, हे लॅबला जरूर विचारा.

एलायझा या रक्ततपासणीत आयजीएम (संसर्गात आधी येणाऱ्या अँटीबॉडीज) आणि आयजीजी (नंतर येऊन टिकणाऱ्या) वेगवेगळे कळतात. आजार रेंगाळलेला असेल किंवा मेंदू-मज्जारज्जूपर्यंत गेल्याची शंका असेल, तर ती उपयोगी. साध्या ताज्या तापात मला तिची घाई वाटत नाही.

पक्का पुरावा मात्र ब्लड कल्चरचाच (रक्तातला जंतू बाटलीत वाढवून पाहण्याचा), कारण त्यात जंतू स्वतः सापडतो. स्वयंचलित यंत्रात तो बहुधा आठवड्याभरात वाढतो. जुन्या पद्धतीत बाटली सहा आठवड्यांपर्यंत ठेवावी लागायची. रक्त अँटीबायोटिकच्या आधी घेतलं पाहिजे, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. कंबरदुखी आणि ताप पाहून टीबीची औषधं आधी सुरू झाली तर फारच घोळ होतो. त्यातलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. ताप थोडा उतरतो, कल्चर कोरं येतं आणि निदान लांबतं. जुनाट आजारात रक्तातून जंतू मिळणं तसंही कठीण असतं. तेव्हा अस्थिमज्जेचं कल्चर जास्त भरवशाचं.

कल्चरला पाठवताना चिठ्ठीवर ‘ब्रुसेलाचा संशय’ एवढं लिहाच. हा जंतू श्वासावाटे शिरतो. बेसावधपणे उघड्यावर प्लेट हाताळल्यामुळे लॅबमधल्या माणसांना ब्रुसेलोसिस झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. ते दोन शब्द वाचले की टेक्निशियन सगळं काम सेफ्टी कॅबिनेटमध्ये करतो.

जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर काही तासांत उत्तर देते आणि त्यात जिवंत जंतू वाढवावा लागत नाही, हे तिचे मोठे गुण. मात्र पद्धती लॅबगणिक बदलतात, आणि उपचारानंतर माणूस बरा असतानाही ती काही महिने पॉझिटिव्ह राहू शकते. सुरुवातीला कल्चरच्या जोडीला घ्यायची तर घ्या. ‘बरा झालो का’ हे ठरवायला नको.

पैसे मोजकेच असतील तर पीसीआर सोडा, कल्चर सोडू नका. एकाच वेळी रक्त काढून रोज बेंगॉल, ट्यूब आणि कल्चर या तिन्ही गोष्टी होतात.

वासरांना ब्रुसेलोसिसची एस-१९ लस टोचताना सुई स्वतःच्या हाताला लागली, तर पशुवैद्यकांनी ते डॉक्टरांना लगेच सांगावं. ही लस जिवंत जंतूंची असते आणि तिच्यामुळे माणसाला आजार होऊ शकतो. त्या दिवशीचं सीरम राखून ठेवलं, तर पुढे टायटर वाढला का हे ताडून पाहता येतं.

उपचारानंतर टायटर सावकाश उतरतो. बऱ्या झालेल्या माणसातही तो काही महिने रेंगाळतो, तेवढ्यासाठी औषधं वाढवू नयेत. ताप, घाम, सांधेदुखी पुन्हा सुरू झाली तर मात्र कल्चर नव्याने घ्यावं आणि जोडीला टू-एमई (टू-मर्कॅप्टोइथेनॉल हे रसायन घालून केलेली ट्यूब) तपासणी करावी. तिच्यात आयजीएम मोडून पडतं, उरलेलं आयजीजी मोजता येतं, आणि ते वाढलेलं असेल तर आजार उलटल्याची शंका बळावते.