लालबागचं रेकॉर्डचं दुकान : नक्की जा, फक्त कव्हरातली तबकडी तपासून घ्या

चिंचपोकळीला उतरून लालबागच्या दिशेने चालत आलात की एका जुन्या चाळीच्या पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे, बोर्ड वगैरे काही नाही, जिन्यात गाणं ऐकू आलं की समजायचं पोचलो. तीन वर्षं जातोय, लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं होतं.

गेल्या शनिवारी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची 'मेडल' (Meddle) मागितली, 1971 ची. दुकानवाल्या काकांनी तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरून ट्यूबलाइटखाली तिरकी केली आणि स्वतःहून म्हणाले, "हे बारीक चरे ऐकू नाही येणार, पण हा बघ, दुसऱ्या गाण्यात टकटक करेल." गिऱ्हाईकाला एवढं कोण सांगतं हो! मग पहिली बाजू लावली आणि म्हणाले, तिसरं गाणं संपेपर्यंत हलायचं नाही.

ते गाणं 'फिअरलेस'. शेवटी गिटार मागे सरते आणि लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या ॲनफिल्ड मैदानावरच्या 'कॉप' स्टँडमधले हजारो लोक 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे क्लबचं गाणं गाताना ऐकू येतात, खरंखुरं रेकॉर्डिंग. मोबाईलवर शंभरदा ऐकलं असेन पण त्या जुन्या स्पीकरवर लोकांचा आवाज असा छातीवर आला की अंगावर काटाच आला. माझे बाबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि बाबा मोर्च्यातल्या आवाजाबद्दल जे सांगतात ना ते मला तिथे कळलं.

काका हे सगळं एकत्रच बोलतात, फुटबॉल वेगळं, गाणी वेगळी, राजकारण वेगळं असं नाहीच. लिव्हरपूलचे मॅनेजर बिल शँक्ली खाणकामगारांच्या गावचे, पोरवयात स्वतः खाणीत राबलेले, उघड समाजवादी, सगळ्यांनी एकमेकांसाठी खपायचं आणि फळ वाटून घ्यायचं हेच त्यांचं फुटबॉल. तिथून गाडी 1984-85 च्या ब्रिटिश खाण संपावर, खाणकामगारांचे नेते स्कारगिल, पंतप्रधान थॅचर, आणि मग सरळ आमच्या गिरणी संपाचे नेते दत्ता सामंत यांच्यावर. मग मुंबईतल्या कूपरेज मैदानावर खेळणाऱ्या मफतलाल आणि ऑर्के मिल्सच्या टीम. गिरण्यांची फुटबॉल टीम असायची हे आजच्या लोअर परळच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. मला काकांचं पटतं, ही माणसं आमचीच वाटतात.

आता तक्रार. मागे एकदा 'द क्लॅश'चं कव्हर घेऊन घरी गेलो तर आत भलतीच तबकडी, कुठल्यातरी ऑर्केस्ट्राची. दुसऱ्या दिवशी बदलून दिली, कुरकुर नाही, पण माझी डोंबिवलीहून फेरी झाली. तेव्हा पैसे देण्याआधी बाहेर काढून लेबल वाचा. भावही कमी नाहीत, मेडलला 1800 घेतले. कॅसेटच्या कोपऱ्यात धूळ फार, दम्याचा त्रास असेल तर तिकडे जाऊ नका.

शनिवारी संध्याकाळी मॅच लावतात, खुर्च्या आठच, नंतर येणारे जिन्यात बसतात. कार्ड चालत नाही, रोख किंवा यूपीआय. सोमवारी बंद.