वाळू, रद्दी की शहाबादी फरशी? लेपर्ड गेकोच्या टाकीत काय अंथरावं

लातूरच्या ओळखीतल्या एका मुलाने लेपर्ड गेको, म्हणजे पाळायची ठिपकेदार पाल, आणायचं ठरवलंय. काचेची टाकी आली, तिला ऊब देणारी विजेची हीट मॅट आली, आता गाडी अडलीय ती 'तळाला काय घालू' इथे. त्याच्या आजीचा प्रश्न वेगळाच: भिंतीवर एवढ्या फुकटच्या पाली असताना विकतची कशाला? याचं उत्तर माझ्याकडे नाही. तळाचं तेवढं सांगता येईल.

दुकानदार पहिली पुढे करतो ती वाळू. 'वाळवंटातला प्राणी आहे, वाळूच लागते.' एकाने माझ्याही गळ्यात रंगीत कॅल्शियम वाळूची पिशवी मारली होती. खरं तर अफगाणिस्तान-पाकिस्तानकडचा हा गेको वाळूच्या टेकड्यांत राहतच नाही. त्याचा मुलूख म्हणजे खडकाळ, कडक जमिनीचा कोरडा माळ, साधारण आपल्या बालाघाटासारखा. कॅल्शियम कमी पडलं की तो ही वाळू चाटत सुटतो आणि ती आतड्यात साचते. सगळा दोष वाळूचा असतो असंही नाही. टाकी पुरेशी गरम नसली, अंगात पाणी कमी असलं की पचन मंदावतं आणि मग थोडी वाळूही अडकते. पण नवख्याच्या हातून नेमकं हेच चुकतं, म्हणून सुरुवातीला वाळू नकोच.

रद्दी किंवा टिश्यू पेपर दिसायला दरिद्री, पण नव्या गेकोसाठी पहिला महिनाभर याला तोड नाही. विष्ठा लगेच दिसते, पातळ आहे का कळतं, तपासायला डॉक्टरकडे न्यायची तर उचलताही येते. गेको बहुधा एकच कोपरा शौचाला धरतो, तेवढा कागद बदलला की झालं. त्रास एकच, खायला सोडलेले नाकतोडे कागदाखाली जाऊन बसतात.

महिन्यानंतर माझं मत शहाबादी फरशीला. आपल्याकडे अर्ध्या घरांत हीच फरशी, त्यामुळे फरशीवाल्याकडे तुकडा मापाने कापून मिळतो. पॉलिशची नको, खडबडीत घ्या. पाय घसरत नाहीत आणि नखंही घासली जातात. पोटात जाण्यासारखं काही नाही. एकदा तापली की लाइट गेल्यावरही काही वेळ ऊब धरून ठेवते. मॅटची ऊब दगडातून वर यायला मात्र वेळ लागतो, म्हणून थर्मोस्टॅटची (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या यंत्राची) तापमान मोजणारी वायर फरशीच्या वर, गेको पोट टेकतो तिथे ठेवा आणि तिथे ३२ अंशांच्या आसपास राहील असं बघा. हा चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे व्हिनेगर, लिंबू किंवा फरशीचं ॲसिड लावू नका, पृष्ठभाग खाल्ला जातो. साबणाचं पाणी, खळखळून धुणं आणि ऊन पुरतं. कोरडी फरशी कात टाकायला मदत करत नाही, म्हणून एका डब्याला भोक पाडून आत ओलसर टिश्यू घाला.

मातीचा विचार अनुभव आल्यावर करा. चाळलेली माती आणि धुतलेली वाळू मिसळून दाबून बसवली तर गेको उकरतो, बीळ करतो, ते बघण्यात मजा आहे. पण शेतातली काळी माती नको. ओली झाली की फुगते, बोटांना गोळे चिकटतात, वाळली की भेगा. शिवाय कपाशीच्या रानात फवारणीचं काय काय मुरलेलं असतं.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, दमट हवेच्या जातींसाठी ठीक. इथल्या उन्हाळ्यात ते वाळून धूळ होतं, आणि कूलरसमोर ओलं ठेवलं की बुरशी. सुताराकडचा भुसा तर नकोच, डोळ्यात-नाकात जातो. कार्पेटच्या धाग्यात नखं अडकतात.

आणि माती-दगड जमला म्हणून रानातली घोरपड आणायची लहर आली, तर ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला तिथेच राहू द्या.

फरशी कापायला जाताना माप टाकीच्या आतून घ्या. मी बाहेरून घेतलं होतं. काचेच्या जाडीएवढी फरशी जास्त झाली, आणि तो तुकडा आता आमच्या तुळशीपुढे आहे.