बेळगावहून घाटाखालच्या सहली: आठ महिन्यांनंतर लिहिते आहे

गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझ्या जाऊबाईंनी इथल्याच एका लहान सहलवाल्याकडे वर्षाचे पैसे भरले. महिन्यातून एक रविवार, सतरा सीटची गाडी, पहाटे साडेपाचला गोगटे सर्कलवरून निघायचं, चोर्ला घाट उतरून गोव्यातलं एखादं जंगल, खाडी, देऊळ नाहीतर उत्सव बघायचा आणि रात्री परत. मेपर्यंत आठ फेऱ्या झाल्या. भिशीतल्या बायका विचारतायत, आम्हीपण भरू काय पैसे? म्हणून सविस्तर लिहिते.

इतकी वर्षं गोवा म्हणजे आमच्या घरात मंगेशी, शांतादुर्गा, एक समुद्रकिनारा आणि येताना काजू. पहिल्याच फेरीत गाडी कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबली. मलप्रभा इथं उगम पावते, हे शाळेत पाठ केलं होतं. वाटाड्या म्हणाला, "इथलं पाणी कूडलसंगमला कृष्णेत जाऊन पूर्वेच्या समुद्राला मिळतं. आणि याच खानापूर तालुक्यातली म्हादई खाली जाऊन मांडवी होते, ती पश्चिमेला. आज आपण तिच्या मागनं जायचं." माझं माहेर जांबोटीकडचं. आमच्या शिवारातल्या ओहोळाचं पाणी कुठं जातं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. पुढच्या सगळ्या फेऱ्यांत हा धागा सुटला नाही, आणि पैसे वसूल झाले ते मुख्यतः यामुळे.

सगळ्यात जास्त जीव रमला तो चोडण बेटावर. रायबंदरहून फेरीबोटीनं मांडवी ओलांडली की सलीम अली पक्षी अभयारण्य. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी. पण आमची नोव्हेंबरची फेरी वाया गेली. दोन कुटुंबं उशिरा आली, नाश्त्याला तासभर मोडला आणि साडेदहाला पोचलो तर खाडीत नुसता चिखल. होडीवाले मामा म्हणाले, "उदक देंवलां, बाय. आतां होडी भितर वचना." दोनपर्यंत थांबा म्हणत होते, थांबायला हवं होतं. पण कागदावर पुढची तीन ठिकाणं लिहिलेली, म्हणून गाडी हलली. मला फार वाईट वाटलं.

त्या मामांनीच जाता जाता भरतीचा हिशेब सांगितला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते. आम्ही गेलो त्या दिवशी षष्ठी होती, म्हणजे भरती साडेचारला आणि ओहोटी नेमकी साडेदहाला. हे सहलवाल्यालाच माहीत असायला हवं होतं. मी परत आल्यावर त्याला शांतपणे सांगितलं. त्यानं ऐकलं, हे त्याच्या बाजूनं मुद्दाम नोंदवते. जानेवारीत त्यानं त्रयोदशी बघून पुन्हा नेलं, जादा पैसे न घेता.

त्या दिवशी नऊला होडी आत शिरली. दोन्हीकडून फांद्या पाण्यावर टेकलेल्या, आवाज फक्त वल्ह्याचा. तिवराचं पान जिभेला लावून बघितलं, खारट. झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं. कांदळाचं बी झाडावरच असताना रुजतं आणि लांब शेंगेसारखा कोंब लोंबत राहतो. खंड्या, बगळे, पाणकावळे किती बघितले, मोजले नाहीत. पाणी उतरायला लागलं तसे चिखलातून तिवराच्या श्वासमुळांचे खुंट वर दिसू लागले, मग निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारायला लागल्या आणि एक नांगी मोठी असलेले नर खेकडे ती हलवत बिळाच्या तोंडाशी आले. जाऊबाई दोन तास एक शब्द बोलल्या नाहीत. त्या गप्प बसलेल्या मी फार क्वचित बघितल्यात.

दुपारी खाजन शेती दाखवली. खाडीच्या कडेला मातीचा बांध, बांधाला लाकडी दाराचं मानस. भरतीचं पाणी दाबलं की दार आपोआप लागतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. आत खारं पाणी सोसणारा कोरगुट भात. मी भातशेतीतली, बांध फुटला तर काय होतं हे मला कुणी समजवायला नको. त्या मानसापाशी मी खूप वेळ उभी राहिले.

तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळ बघायला एप्रिलात गेलो. बाराव्या शतकातलं, कदंब राजांच्या काळातलं, काळ्या बेसाल्टचं, तेही जांभ्या दगडाच्या मुलखात. आपल्या खानापूर तालुक्यातल्या हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळही गोव्याच्या कदंबांचंच. हलशी आधी बघून मग इथं या, असं मी प्रत्येकाला सांगेन.

आता तक्रारी. फेब्रुवारीची 'कासव दर्शन' फेरी. मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात खरी, पण रात्री, आणि कधी ते कुणाच्या हातात नाही. आम्ही दिवसा जाऊन कुंपणातली वाळू बघून आलो. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर की मादी ठरतं, ही माहिती मोलाची होती, पण जाहिरातीत 'दर्शन' लिहू नये. डिसेंबरात दशावतार बघायला नेलं आणि परतीची वेळ झाली म्हणून रंग भरायच्या आतच उठवलं. रात्रभराचं नाटक दिवसाच्या सहलीत बसत नाही.

शिमग्याचं मात्र मला अजून बोचतं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घोडेमोडणी बघायला गेलो. कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचणारे पुरुष, ढोल-ताशा, अंगावर शहारे आले. आमच्यातली काही माणसं मोबाईल धरून चपलांसकट मांडावर गेली. गावातल्या एका आजोबांनी हात जोडून मागे व्हायला सांगितलं. मांड म्हणजे देवाची जागा, हे गाडीतच सांगायला हवं होतं. त्यानंतर पोचण्याआधी दहा मिनिटं बोलायची पद्धत सुरू झाली. आमच्याबरोबर गदगचं एक कुटुंब असतं, त्यांना मी कन्नडमधून सांगते. सहलवाल्यानं दोन्ही भाषा येणारा माणूस ठेवावा.

घाटात गाडी लागत असेल तर पुढची सीट आधीच मागून घ्या, वळणं खूप आहेत. आवळासुपारी ठेवा. पाणी घरून न्या.

आम्ही दोघींनी पुढच्या वर्षाचे पैसे भरले. चोडणची फेरी बारस-तेरसलाच ठेवायची, एवढीच अट घातली. ती तिथी नोव्हेंबरात मधल्या वारी आली तर सुट्टी काढायची, हे जाऊबाईंनी ऑफिसात आत्ताच सांगून ठेवलंय.