जमिनीच्या प्रश्नावरून साम्यवाद समजावणारी व्याख्यानमाला : ऐकून झाल्यावरचा अभिप्राय

साम्यवादी विचाराच्या इतिहासावरची ही श्राव्य व्याख्यानमाला मी घेतली ती तिच्यातल्या एका भागाच्या नावामुळे : ‘शेतकऱ्याचं काय करायचं?’ माझी सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. बांध कुणाचा, कूळ कोण, ताबा कुणाकडे, हे वाद रोज टेबलावर असायचे. कारखान्यातल्या कामगारासाठी मांडलेला विचार ज्या देशांत सत्तेवर आला ते बहुतेक शेतकऱ्यांचे देश होते. मग तिथे त्या विचाराचं काय झालं? व्याख्याते हाच प्रश्न हातात धरून देशोदेशी फिरतात. काही गोष्टी मला खटकल्या, त्या पुढे सांगतेच, पण मालिका ऐकावी असंच माझं मत आहे.

मार्क्स-एंगल्सचा १८४८चा कम्युनिस्ट जाहीरनामा, मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाचा १८६७चा पहिला खंड, मँचेस्टरच्या गिरण्या, हे सगळं सुरुवातीच्या भागांत चटकन उरकलंय. ते बरंच झालं, कारण खरी मजा रशियापासून सुरू होते. ‘भांडवल’चं पहिलं भाषांतर १८७२ साली रशियनमध्ये झालं. एवढं किचकट पुस्तक वाचणार कोण आणि वाचलं तरी कळणार कुणाला, या हिशेबाने झारच्या सेन्सॉरने ते जाऊ दिलं. पुढे १८८१ मध्ये व्हेरा झासुलिच या क्रांतिकारक बाईंनी मार्क्सला पत्र लिहून थेट विचारलं : आमच्या खेड्यांत जमीन सामाईक आहे, ती व्यवस्था आधी मोडलीच पाहिजे का? मार्क्सने उत्तराचे चार मसुदे केले. शेवटी ८ मार्चला पाठवलं ते छोटंसं पत्र. भांडवलशाहीच्या उदयाचं आपलं विवेचन पश्चिम युरोपापुरतं आहे आणि रशियातली ग्रामव्यवस्था समाजाच्या नव्या उभारणीचा आधार होऊ शकते, असं त्यात होतं. हे मसुदे १९२४ पर्यंत छापलेही गेले नव्हते. व्याख्यात्यांनी या एका पत्रव्यवहाराला अख्खा भाग दिलाय आणि मसुद्यांत काय होतं, पत्रात काय उरलं हे शांतपणे वाचून दाखवलंय. मला हा भाग सगळ्यांत आवडला. इतिहासाचे ठरलेले टप्पे असतात आणि प्रत्येक देशाने ते ओळीने पार करायचे असतात, ही समजूत खुद्द मार्क्सच्याच हातून ढिली होताना ऐकू येते.

लेनिनवरच्या भागांत १९१७चा जमिनीचा हुकूमनामा नीट उलगडला आहे. त्यातला बराचसा मजकूर समाजवादी क्रांतिकारी पक्षाने एकत्र केलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांवरून घेतलेला होता. १९२१ मध्ये धान्याची सक्तीची वसुली थांबवून त्याऐवजी ठरावीक कर आला, शेतकऱ्याला उरलेलं धान्य विकायची मोकळीक मिळाली. १९२९ पासून स्टालिनने सामूहिकीकरण, म्हणजे शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून सामूहिक शेती, लादलं आणि १९३२-३३च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि इतरत्र लाखो माणसं गेली. इथे व्याख्याते डगमगत नाहीत. धान्य होतं कुठे, उचललं कुणी, कुणाच्या हुकमाने, सगळं सांगतात. कुणी ‘त्या काळाची गरज’ म्हणून हे झाकतं तेव्हा मला राग येतो, म्हणून हा सरळपणा मोलाचा वाटला.

माओचा १९२७चा हुनानमधल्या शेतकऱ्यांवरचा अहवालही तपशिलात येतो. त्यासाठी माओ बत्तीस दिवस पाच तालुक्यांत फिरला होता. गावात जाऊन, माणसांना बसवून, विचारून लिहायचं, हे काम मला ओळखीचं आहे. म्हणूनच पुढचं ऐकताना जास्त त्रास झाला. १९५८च्या ‘मोठ्या झेपे’त, म्हणजे उत्पादन झपाट्याने वाढवण्याच्या मोहिमेत, याच माणसाच्या राजवटीत गावागावातून फुगवलेले उत्पन्नाचे आकडे वर गेले, त्या आकड्यांवर वसुली ठरली आणि लोक उपाशी मेले. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. १९७८च्या अखेरीस आन्ह्वी प्रांतातल्या श्याओगांग गावातल्या अठरा शेतकऱ्यांनी जमीन घराघरांत वाटून घ्यायचा गुप्त करार केला, तिथे हा भाग संपतो.

पेरूचा मार्क्सवादी विचारवंत मारियातेगी याचं नाव फार कमी लोकांना माहीत असतं, त्याला इथे जागा मिळालीय याचा आनंद झाला. १९२४ मध्ये पाय कापावा लागला, त्यानंतर चाकांच्या खुर्चीत बसून तो नियतकालिक चालवायचा. पेरूच्या मूळ रहिवाशांचा प्रश्न वंशाचा किंवा शिक्षणाचा असल्याचं तेव्हाचे सुधारक म्हणत. १९२८ च्या निबंधांत मारियातेगीने ठामपणे मांडलं की तो मुळात जमिनीचा प्रश्न आहे. अँडीजमधल्या सामाईक जमिनीच्या परंपरेत त्याला समाजवादाचा आधार दिसला. झासुलिचला दिलेल्या उत्तराचे मार्क्सचे मसुदे त्याच्यासमोर नव्हते, तरी तो त्याच वाटेवर पोचला, हे व्याख्याते छान जोडून दाखवतात.

भारतावरचे भाग ठीक आहेत. जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या १९२०च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लेनिन आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्यात वसाहतींमधल्या राष्ट्रीय चळवळींवरून झालेला वाद स्पष्ट होतो. केरळ सांगताना मात्र व्याख्यात्यांनी घाई केली. ५ एप्रिल १९५७ ला आलेल्या कम्युनिस्ट सरकारने आठवडाभरात कुळांना हुसकावण्यावर वटहुकमाने बंदी घातली आणि ३१ जुलै १९५९ ला ते बरखास्त झालं, एवढं येतं. पण कूळ म्हणून नोंद कशी ठरली, पुरावा कशाचा धरला, १ जानेवारी १९७० पासून जमीनदारी प्रत्यक्षात कशी संपली, हे कुठेच नाही. कायदा कागदावर होणं आणि माणसाच्या नावावर जमीन चढणं यांत केवढं अंतर असतं, ते मी आयुष्यभर पाहिलंय.

याहून मोठी तक्रार इंडोनेशियाची. सत्तेवर नसलेला जगातला सर्वांत मोठा कम्युनिस्ट पक्ष तिथे होता. १९६५-६६ मधल्या कम्युनिस्टविरोधी हत्याकांडात किमान पाच लाख लोक मारले गेले, कित्येक ठिकाणी त्याआधी जमिनीवरून संघर्ष पेटलेले होते. मालिकेचा धागाच जमिनीचा असताना हे चार वाक्यांत आटोपणं मला पटलं नाही. पोलंड तर नाहीच. १९५६ नंतर तिथली बहुतेक सामूहिक शेतं विरली आणि कम्युनिस्ट राजवटीतही शेतजमीन मुख्यतः खासगी राहिली. या मालिकेला याहून चपखल उदाहरण सापडलं नसतं.

आवाज स्पष्ट आहे, वेग बेताचा आहे. रशियन आणि चिनी नावं मात्र ऐकून लक्षात राहत नाहीत. सोबतच्या टिपणांत नावांची यादी आणि एखादा नकाशा हवा होता, तो नाही. ज्यांना मार्क्सची तोंडओळख आहे त्यांनी सरळ झासुलिचच्या भागापासून सुरुवात करावी, नवख्यांनी पहिल्यापासून. आणि चीनचे भाग सलग ऐकू नका, मध्ये पेरू ऐका.